ह्यूगोमध्ये थीम टाकली तरी ‘पेज नॉट फाउंड’ येतं. थीम नीट कशी बसवायची, आणि मराठी साइटसाठी काय बदलावं लागतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. परळच्या तुमच्या हौशी नाट्यसंस्थेसाठी विंडोजवर ह्यूगोने, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींतून वेबसाइटची पानं बांधणाऱ्या प्रोग्रामने, साइट करताय. गिटहबवरून थीमची, म्हणजे साइटच्या तयार रंगरूपाची, झिप उतरवून थीम्स फोल्डरमध्ये उलगडली, थीमच्या पानावरचा पॅराम्सचा (थीमच्या पर्यायांचा) तुकडा सेटिंगच्या फाइलीत चिकटवला आणि त्याच्याखाली, फाइलीच्या अगदी शेवटी, थीमचं नाव लिहिलं. तरी ब्राउझरमध्ये पांढऱ्या पानावर नुसतं ‘पेज नॉट फाउंड’. शिवाय डेमोसारखं कसं दिसेल, मराठीसाठी काय करायचं आणि पुढे थीम बदलली तर सगळं पुन्हा करावं लागेल का, हेही विचारलंय.

मी मुंबईतल्याच एका ट्रेकिंग ग्रुपची साइट ह्यूगोवर सांभाळते, त्यामुळे यातले बरेच खड्डे ओळखीचे आहेत. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय. टाइप करताना ती रोमनमध्येच लागतील, आणि नेमक्या ओळी थीमच्या पानावर कॉपी करायला मिळतात.

माझा संशय त्या ‘अगदी शेवटी’वर आहे. ह्यूगोची सेटिंगची फाइल, म्हणजे ह्यूगो डॉट टॉमल, टॉमल पद्धतीने लिहिलेली असते. त्यात चौकटी कंसात ‘पॅराम्स’ असं लिहिलं की तिथून पुढची प्रत्येक ओळ त्या गटात मोजली जाते, पुढचा चौकटी कंस येईपर्यंत. मध्ये रिकामी ओळ सोडली तरी गट संपत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेली थीमची ओळ ह्यूगोच्या लेखी ‘पॅराम्समधला थीम नावाचा एक पर्याय’ झाली आणि खरी थीम कोणती हे त्याला कळलंच नाही. ह्यूगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेतली आज्ञाही ही ओळ फाइलीच्या शेवटीच जोडते, पण तिथे फाइल नवी कोरी असते, एकही गट नसतो, म्हणून चालून जातं. तुमच्याकडे गट आधीच आला होता. ओळ उचलून सगळ्यात वर, साइटचं शीर्षक आणि बेसयूआरएल (साइटचा पत्ता) असतं तिथे ठेवा. बहुतेक एवढ्यानेच भागेल.

संशय खरा की खोटा हे टर्मिनल सांगेल. ह्यूगो सर्व्हर चालू करताना तिथे जे पिवळं-लाल येतं ते सगळेच जण सोडून देतात, पण रोगाचं निदान तिथेच असतं. ‘फाउंड नो लेआउट फाइल’ अशी ताकीद आली तर ह्यूगोला एकही साचा मिळालेला नाही, म्हणजे थीम लावलेलीच नाही. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असं म्हणून सर्व्हर सुरूच झाला नाही तर ओळ वाचली गेली, पण त्या नावाचा फोल्डर सापडला नाही. तुमचा सर्व्हर सुरू होतोय आणि पान मिळत नाहीये, म्हणून मी पहिल्या शक्यतेवर पैसे लावले.

दुसरीही शक्यता लगेच समोर येणार आहे, कारण तुम्ही झिप वापरली. गिटहबवरून उतरवलेल्या झिपमधल्या फोल्डरच्या नावाला शेपूट असतं, ‘मेन’ किंवा ‘मास्टर’. त्यात विंडोजचं ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ झिपच्या नावाचा आणखी एक फोल्डर वर चढवतं. मग थीम्सच्या आत फोल्डर, त्याच्या आत पुन्हा त्याच नावाचा फोल्डर, आणि खरी थीम त्याच्या पोटात. थीम्स उघडल्यावर एकच पायरी खाली लेआउट्स नावाचा फोल्डर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर आतला फोल्डर बाहेर काढा, शेपूट काढून टाका आणि तेच नाव, लहान-मोठ्या अक्षरांसकट, सेटिंगमध्ये लिहा. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांकडे काणाडोळा करतं, पण साइट जिथे चढवाल तिथला लिनक्स करत नाही.

तिसरी अडचण आवृत्तीची. ज्या थीम सॅस (सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे नियम, लिहिण्याची एक सोय) वापरतात त्यांना बहुधा ह्यूगोची ‘एक्स्टेंडेड’ आवृत्ती लागते, साधी चालत नाही. उतरवताना दोन्ही शेजारीशेजारी असतात, एक्स्टेंडेडच घ्या. थीमच्या फोल्डरात थीम डॉट टॉमल असते, तिच्यात किमान कोणती आवृत्ती हवी तेही बहुतेक लिहिलेलं असतं. आणि थीम जुनी असेल तर उलटा त्रास होतो: लांब यादीची पानं पाडण्यासाठी पूर्वी ‘पॅजिनेट’ ही सेटिंग होती, ती ०.१२८ मध्ये मोडीत काढून ‘पॅजिनेशन’ गटात नेली, आणि अशी जुनी नावं वापरणाऱ्या थीम नव्या ह्यूगोवर कुरकुरतात. नेटवरचे धडे वाचताना हेच ध्यानात ठेवा. कॉन्फिग डॉट टॉमल असं नाव दिसलं तर तो ०.११० च्या, म्हणजे जानेवारी २०२३ च्या आधीचा धडा असण्याची शक्यता जास्त. ते नाव अजून चालतं, धड्यातलं बाकीचं सगळं चालेलच असं नाही.

आता हे सगळं झालं की झिपवाली थीम काढून टाका आणि गिट सबमॉड्यूल म्हणून पुन्हा घ्या, असं मी सुचवेन. गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम, आणि सबमॉड्यूल म्हणजे त्यात जोडलेला दुसऱ्याचा प्रकल्प. साइटच्या फोल्डरात आधी गिट इनिट, मग गिट सबमॉड्यूल ॲड, त्यापुढे थीमचा पत्ता आणि थीम्स-तिरकी रेघ-थीमचं नाव. याने तुमच्या साइटच्या गिटमध्ये थीमची नेमकी कोणती अवस्था वापरली याची नोंद राहते. नुसतं गिट क्लोन करून थीम्समध्ये टाकली तर तुमच्या मशीनवर सगळं झकास चालतं, पण गिटच्या आत गिट झाल्यामुळे वर चढवताना थीमच्या फाइली जातच नाहीत. मग ‘माझ्याकडे तर दिसतंय’ हा संवाद सुरू होतो. सबमॉड्यूल असलं तरी दुसऱ्या मशीनवर साइट घेताना थीम्सचा फोल्डर रिकामा येतो, तेव्हा गिट सबमॉड्यूल अपडेट ही आज्ञा इनिट आणि रिकर्सिव्ह लावून द्यावी लागते. गिटहब ॲक्शन्सने, म्हणजे गिटहबच्या आपोआप कामं करणाऱ्या सोयीने, साइट बांधणार असाल तर चेकआउटच्या पायरीत सबमॉड्यूल्स रिकर्सिव्ह लिहायचं विसरू नका. ह्यूगो मॉड्यूल्स नावाचा आणखी एक मार्ग आहे, त्याला मशीनवर गो भाषा बसवावी लागते. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

डेमोसारखं का दिसत नाही? कारण डेमो म्हणजे थीम अधिक कोणीतरी भरलेला मजकूर अधिक बरीच सेटिंग्ज. थीमच्या फोल्डरात बहुधा ‘एक्झाम्पलसाइट’ नावाचा फोल्डर असतो, डेमो त्यातूनच बनतो. त्यातली सेटिंगची फाइल उघडून आपल्या फाइलीशेजारी ठेवा आणि एकेक गट समजून घेत आणा. सगळी फाइल एकदम चिकटवाल तर कोणाचं तरी गूगल ॲनालिटिक्सचं खातं आणि कोणाचा तरी ट्विटरचा दुवा तुमच्या संस्थेच्या पानावर येऊन बसेल. मजकूर कोणत्या फोल्डरात आहे तेही बघा. काही थीम ‘पोस्ट’ फोल्डर धरून चालतात, काही ‘पोस्ट्स’, आणि त्या एका अक्षरावरून मुखपृष्ठ रिकामं राहतं. शिवाय नवं पान तयार केलं की त्याच्या माथ्यावर ‘ड्राफ्ट ट्रू’ असतं. ते फॉल्स केल्याशिवाय ते पान साइटवर येत नाही, किंवा सर्व्हरला मोठा डी लावला तर फक्त तुम्हाला दिसतं.

इथून पुढे एकच नियम पाळा: थीमच्या फोल्डरातल्या फाइलीला हात लावायचा नाही. तुम्ही नाटकवाले आहात, भाड्याने आणलेल्या सेटवर खिळे ठोकत नाही, आपली लेव्हल पुढे आणून ठेवता. ह्यूगोत तशी सोय मुळातच आहे. कोणताही साचा शोधताना तो आधी तुमच्या साइटचा लेआउट्स फोल्डर बघतो, तिथे नसेल तरच थीमचा. म्हणून थीममधला फूटर बदलायचा असेल तर ती फाइल थीममधून उचलून, तोच मार्ग ठेवून, तुमच्या लेआउट्समध्ये कॉपी करा आणि तिथे बदला. स्टॅटिक, ॲसेट्स आणि आय१८एन या फोल्डरांनाही हेच लागू. फक्त जितक्या कमी फाइली अशा आणाल तितकं बरं, कारण थीमचं नवं रूप आलं की तुमच्या कॉप्या जुन्याच राहतात. ०.१४६ पासून साच्यांच्या फोल्डरांची नावं थोडी बदलली आहेत, पार्शल्सच्या, म्हणजे पानाच्या तुकड्यांच्या, फोल्डरच्या नावाआधी अधोरेषा आली वगैरे. जुनी मांडणीही ह्यूगो समजून घेतो, त्यामुळे तुमची थीम जी पद्धत वापरते तीच ठेवा.

रंग आणि फॉन्टसाठी तर बहुतेक चांगल्या थीम एक दारच ठेवतात. पेपरमॉड या थीममध्ये ॲसेट्स, त्यात सीएसएस, त्यात एक्स्टेंडेड असा फोल्डर करून कोणतीही सीएसएस फाइल टाकली की ती आपोआप जोडली जाते. असं दार आहे का हे थीम निवडतानाच बघा. मी ते नसलेली थीम घेत नाही. जिला चालवायला नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा वेगळा प्रोग्राम) आणि त्याची शेकडो पॅकेजेस लागतात तीही घेत नाही. तुमच्या संस्थेत पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्याच कोणाकडे जाईल, त्याच्या लॅपटॉपवर ते सगळं उभं करायला कोण बसणार?

मराठीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे कुठल्या थीमच्या पानावर लिहिलेलं नसतं.

सेटिंगमध्ये लँग्वेजकोड आणि डिफॉल्टकंटेंटलँग्वेज दोन्ही ‘एमआर’ करा. ह्यूगो मुळात इंग्रजी धरून चालतो. असं केल्याबरोबर ‘रीड मोअर’, ‘नेक्स्ट’ वगैरे शब्द गायब झाले तर घाबरू नका. थीम ते शब्द आय१८एन फोल्डरातल्या भाषेच्या फाइलीतून घेते, आणि तिच्यात मराठीची फाइल नसेल तर जागा रिकामी राहते. थीममधली इंग्रजीची फाइल तुमच्या साइटच्या आय१८एन फोल्डरात एमआर नावाने कॉपी करा आणि उजव्या बाजूचे शब्द मराठीत लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे. जमलं तर ती फाइल थीमच्या कर्त्याला पाठवून द्या, पुढच्या मराठी माणसाचा वेळ वाचेल.

तारखांमध्ये गंमत आहे. थीमच्या साच्यात तारीख ‘डेट डॉट फॉरमॅट’ अशी लिहिली असेल तर महिना जन्मभर इंग्रजीतच येणार. तीच ‘टाइम डॉट फॉरमॅट’ने लिहिली तर भाषा एमआर असल्यामुळे महिना मराठीत येतो. म्हणजे तेवढा एक साचा आपल्याकडे कॉपी करून ती ओळ बदलायची. आकडे मात्र रोमनच राहतात. मी ते तसेच ठेवलेत.

मग दिसणं. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या थीममध्ये ओळींतलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं, वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. लाइन-हाइट १.७ च्या आसपास न्या. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग दिलेलं असेल तर ते शून्य करा, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे पडतात. तुमच्या नाटकाचं नाव फाटलेल्या तोरणासारखं दिसायला नको. इटॅलिकही बंद करा, बहुतेक देवनागरी फॉन्टना खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर अक्षरं नुसती कलती करतो. फॉन्टसाठी मुक्त परवान्याचे चांगले पर्याय आहेत. ‘एक टाइप’ या मुंबईच्याच मंडळींचा ‘मुक्त’ हा फॉन्ट मजकुराला साधा आणि स्वच्छ आहे. छापील पुस्तकाची चव हवी असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. फॉन्टच्या फाइली उतरवून स्टॅटिक फोल्डरात ठेवा आणि सीएसएसमधून जोडा. जाड, मध्यम, बारीक अशी सगळी वजनं घेऊ नका. देवनागरीचे फॉन्ट जोडाक्षरांमुळे वजनदार असतात, आणि तुमचा प्रेक्षक साइट उघडणार आहे ती लोकलमध्ये, दारात लटकून, मोबाइलवर.

पत्त्यांकडेही लक्ष द्या. पानाचं नाव मराठीत ठेवलं तर पत्ताही मराठीत बनतो, ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्क्यांच्या खुणांसकट नऊ अक्षरांचं होतं. चार शब्दांच्या नाटकाचा दुवा अर्धा स्क्रीन खातो. प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘स्लग’ देऊन तिथे रोमनमध्ये छोटं नाव लिहा. शीर्षक मराठीच राहतं.

आणि आता तुम्ही न विचारलेलं, पण पहिल्याच आठवड्यात समोर येणार असलेलं. तुमच्या पानांवर प्रयोगांच्या तारखा असणार, त्याही पुढच्या. पानाच्या माथ्यावरच्या ‘डेट’मध्ये तुम्ही स्वाभाविकपणे प्रयोगाची तारीख लिहाल, आणि ते पान साइटवर येणारच नाही. ह्यूगो डेट म्हणजे प्रकाशनाची तारीख धरतो आणि भविष्यातली पानं बांधत नाही. कुठलीही चूक दाखवत नाही, मुकाट्याने वगळतो. ‘ह्यूगो लिस्ट फ्यूचर’ ही आज्ञा दिली की अशी दडलेली पानं दिसतात. बिल्डफ्यूचर चालू करून हे सुटतं, पण मग पुढच्या तारखेची कोणतीच बातमी राखून ठेवता येत नाही. मला बरं वाटतं ते असं: डेटमध्ये पान लिहिल्याची तारीख, आणि पॅराम्समध्ये ‘प्रयोग’ नावाचा वेगळा रकाना करून त्यात प्रयोगाची तारीख आणि वेळ. तो रकाना थीमला माहीत नसतो, म्हणून सुट्या पानाचा (‘सिंगल’) साचा आपल्या लेआउट्समध्ये आणून तिथे एक ओळ वाढवावी लागेल.

वेळेचा घोळ याच कुटुंबातला. डेटमध्ये नुसती वेळ लिहिली, मागे अधिक साडेपाच तास लावले नाहीत, तर ह्यूगो ती यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, धरतो. म्हणजे तुम्ही संध्याकाळी सहाची वेळ लिहून पान चढवलं तर रात्री साडेअकरापर्यंत ते ‘भविष्यातलं’ असतं. सेटिंगमध्ये टाइमझोन एशिया-तिरकी रेघ-कोलकाता केलं की प्रश्न मिटतो. ‘आगामी प्रयोग’ अशी यादी करणार असाल तर हेही ओघाने आलं: साइट बांधली त्या क्षणी यादी गोठते, रविवारी प्रयोग झाला तरी सोमवारी तो आगामीच दिसतो. रोज रात्री साइट पुन्हा बांधायचं वेळापत्रक गिटहब ॲक्शन्समध्ये लावता येतं. ते घड्याळ यूटीसीवर चालतं, आपली मध्यरात्र म्हणजे तिथले संध्याकाळचे साडेसहा. बरोबर त्या मिनिटाला चालेलच याची खात्री नसते, पण यादीसाठी पुरेसं आहे.

नाट्यगृहांप्रमाणे प्रयोग दाखवायचे असतील, म्हणजे शिवाजी मंदिरचे एकत्र, दीनानाथचे एकत्र, तर टॅक्सॉनॉमीत, म्हणजे पानांच्या वर्गीकरणाच्या सेटिंगमध्ये, ‘नाट्यगृह’ असा नवा प्रकार जोडा. एक अट आहे: हा गट तुम्ही स्वतः लिहिला की ह्यूगोचे मूळचे टॅग आणि कॅटेगरी बंद होतात, ते हवे असतील तर तेही पुन्हा लिहावे लागतात. नाट्यगृहाचा नकाशा किंवा यूट्यूबवरची झलक मजकुरात थेट चिकटवाल तर तिथे काहीच दिसणार नाही, कारण मार्कडाउनमधला (मजकुराच्या फाइली ज्या पद्धतीने लिहितात तीतला) कच्चा एचटीएमएल ह्यूगो काढून टाकतो. यूट्यूबसाठी तयार शॉर्टकोड, म्हणजे मजकुरात लिहायची छोटी खूण, आहे. नकाशासाठी स्वतःचा छोटा शॉर्टकोड करा, अनसेफची सेटिंग चालू करायची गरज नाही.

साइट चढवल्यावर रंगरूप उडालं आणि नुसता मजकूर दिसला तर बेसयूआरएल तपासा. गिटहब पेजेसवर पत्त्याच्या शेवटी प्रोजेक्टचं नाव येत असेल तर तेही त्यात हवं, शेवटच्या तिरक्या रेघेसकट. घरच्या मशीनवर सर्व्हर स्वतःचाच पत्ता वापरतो म्हणून ही चूक तिथे दिसत नाही.

थीम पुढे बदलता येईल का? येईल. मजकूर कंटेंट फोल्डरात साध्या फाइलींत आहे, शीर्षक, तारीख, ड्राफ्ट, टॅग हे ह्यूगोचे स्वतःचे रकाने असल्याने कोणतीही थीम ते वाचते. मुखचित्रासारखे रकाने मात्र प्रत्येक थीमचे वेगळे असतात. एकीत ‘कव्हर’ असतं आणि त्याच्या आत चित्राचा पत्ता, दुसरीत ‘फीचर्ड इमेज’. पन्नास पानं झाल्यावर ते एडिटरमध्ये एकदम शोधून बदलावं लागेल. त्याआधी तुमच्या लेआउट्स फोल्डरात आणलेले जुन्या थीमचे साचे बाजूला काढा, कारण ते नव्या थीमवरही आधी लागू होतात आणि मग पान अर्धं हिचं, अर्धं तिचं दिसतं.